आठ कूलर नावावर असूनही शिक्षणकर्ज मिळण्याबाबत

प्रति,
मा. प्रादेशिक तक्रार निवारण अधिकारी,
ज्ञानवाट शिक्षण वित्त कंपनी,
प्रादेशिक कार्यालय, नागपूर.

अर्जदार : सौ. समीक्षा राहुल कापगते,
रा. कोहका, भिलाई, जि. दुर्ग (छत्तीसगड).

विषय : बी.एड.च्या फीसाठी मागितलेले कर्ज नाकारल्याचा फेरविचार होणेबाबत, तसेच माझ्या नावावर दिसणारे कूलर माझे नसल्याबाबत (एक आमच्या घरातला, त्याचा खुलासा परिच्छेद ६ मध्ये).

संदर्भ : १) आपल्या कंपनीकडून मोबाईलवर आलेला नकाराचा संदेश. २) आपले पडताळणी अधिकारी श्री. धनंजय यांची आमच्या घरी झालेली भेट.

महोदय,

१) मी वरील पत्त्यावर राहणारी विवाहित स्त्री असून माझे बी.एस्सी.पर्यंतचे शिक्षण गोंदियाला झाले आहे. आपले भिलाई शाखेतील कामकाज हिंदीतून चालते. परंतु माझे प्रकरण हिंदीतून सांगताना दोनदा चुकीचे समजले गेल्यामुळे, आणि आपले कार्यालय नागपूरला असल्यामुळे, हा अर्ज मराठीतून करीत आहे. त्यात काही नियमबाह्य असल्यास क्षमस्व.

मी येथील एका खाजगी शाळेत प्राथमिक वर्गांना शिकवते. शाळेने कळवले आहे की बी.एड. नसलेल्या शिक्षिकांना नव्या सत्रात ठेवता येणार नाही. मात्र सोळा जूनला शाळा उघडेल त्या दिवशी जी शिक्षिका बी.एड.च्या प्रवेशाची पावती दाखवेल तिला राहू देतील. दुर्गजवळच्या एका महाविद्यालयात मला जागा मिळाली आहे. जागा आहे, फी नाही. माझी मुलगी उन्नती याच शाळेत, मी शिक्षिका असल्यामुळे बिनफीची शिकते. म्हणजे माझी नोकरी गेली तर त्याच दिवशी तिची शाळाही जाते. माझे पती श्री. राहुल येथील स्टील प्लांटमध्ये ठेक्यावर आहेत आणि ठेकेदार बदलला की त्यांचा गेटपास नव्याने निघेपर्यंत घरी बसतात. सध्या ते घरी आहेत. यावरून माझी घाई आपल्या लक्षात यावी.

२) आपल्या संदेशात असे म्हटले आहे की माझी पत समाधानकारक नाही, माझ्या नावावर घरगुती वस्तूंची कर्जे जास्त असून त्यांपैकी एक थकलेले आहे. मी शाखेत जाऊन विचारणा केली. तेथील मॅडमनी संगणकात बराच वेळ पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि विचारले, "आप कूलर का धंधा करती हैं क्या?"

मी नाही म्हटले. त्यावर त्या म्हणाल्या की मग एका बाईला सात कूलर लागतात कशाला. हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शाखेच्या खिडकीवर उभे राहून, मागे रांग असताना, देता येण्यासारखे नव्हते. म्हणून ते येथे देत आहे.

३) माझे लग्न होऊन मी या घरात आले तो उन्हाळा होता. भिलाईचा उन्हाळा आपणांस ठाऊक नसेल तर एवढेच सांगते की आपल्या नागपूरचे लोक इथे येऊन उकडते म्हणतात. घरात एक जुना लोखंडी कूलर होता, माझे सासरे श्री. दौलतराव यांनी फार पूर्वी रोखीने घेतलेला. तो दोन उन्हाळे बंद होता आणि त्याच्यावर गाद्या रचल्या होत्या. मी नवी नवरी. हळदीच्या अंगाने फार उकडत होते, म्हणून कोणाचे लक्ष नाही असे पाहून मी त्याचा प्लग काढून पुन्हा नीट दाबून बसवला. कूलर सुरू झाला.

महोदय, मी विज्ञानाची पदवीधर आहे. प्लग ढिला होता, याखेरीज त्यात काहीही नव्हते. परंतु माझ्या सासूबाई सौ. अंजनाबाई यांनी तेथल्या तेथे माझी दृष्ट काढली आणि आल्यागेल्या प्रत्येकाला सांगितले की सुनेचा पायगुण असा की बंद पडलेला कूलर बोलायला लागला. आमचे बहुतेक नातेवाईक भंडारा-गोंदियाकडून प्लांटच्या नोकरीसाठी इकडे आलेले. नव्या सुनेच्या पायाने घरात काय आले, काय गेले, यावर आमच्याकडे बारीक लक्ष असते. कोणाच्या सुनेच्या पायाने नोकरी पक्की होते, कोणाच्या पायाने बोअरिंगला पाणी लागते. माझ्या पायाने कूलर चालतात असे ठरले.

४) पुढच्या उन्हाळ्यात सेक्टर १० मधल्या चुलतसासूंना कूलर घ्यायचा होता. त्यांनी सासूबाईंना विनंती केली की तो सूनबाईच्या नावाने घ्यावा, म्हणजे टिकेल. दर महिन्याची किस्त त्या भरणार. सासूबाईंनी अभिमानाने होकार दिला. मला दुकानात नेण्यात आले, उजवा पाय आधी टाकायला लावले, खोक्याला हळदीकुंकू वाहायला लावले, आणि मग पॅनकार्ड मागितले. त्या वेळी मला असे वाटले की हा एक घरगुती कार्यक्रम आहे. तो कर्जाचा करार होता हे मला कळायला हवे होते, कारण मी शिकलेली आहे. पण नव्या सुनेला सगळ्यांसमोर ओवाळून पाटावर बसवल्यावर तिने पॅनकार्ड नाही म्हणून कसे सांगावे, हे कोणत्याही अभ्यासक्रमात नाही.

तो कूलर चांगला चालला. (कंपनी चांगली होती.) त्यामुळे पुढे नणंदेचा, मग नणंदेच्या जावेचा, मग सासऱ्यांच्या जुन्या सहकाऱ्याचा असे एकामागून एक कूलर माझ्या नावाने आले. नंतर नंतर मला दुकानातही नेत नसत. कार्डाची प्रत सासूबाईंच्या देव्हाऱ्यात ठेवलेली आहे, दुकानातून फोन येई, "सूनबाई, नंबर आला काय?" आणि माझ्या मोबाईलवर आलेला ओटीपीचा नंबर मी सांगे. एकदा मी वर्गात पाढे म्हणून घेत असताना नंबर सांगितला आणि पहिलीच्या मुलांनी तोही पाठ केला.

येथे प्रामाणिकपणे नमूद करते की सहा कुटुंबांनी आपापले हप्ते वेळेवर भरले आहेत. देव्हाऱ्यातले नाव बुडवायचे नाही अशी त्यांची भावना होती. माझ्या नावावर जेवढ्या भक्तीने पैसे भरले गेले आहेत तेवढे कोणाच्या नावावर भरले गेले नसावेत.

५) थकलेला कूलर उतई गावचा. तो माझ्या मावससासू श्रीमती गिरजाबाई यांच्याकडे आहे. त्याचा पंप पाणी चढवीना झाला तेव्हा त्यांनी किस्त थांबवली. मी फोनवर समजावले की किस्त कूलरची नसून कर्जाची असते, कूलर बंद पडला तरी ती चालू राहते. त्या म्हणाल्या, "असं कसं वं बाई? थो कूलर पाणी देऊन नाई रायला, आन् मी पैसे कावून देऊ? त्याले म्हणा पयले तू देणं सुरू कर."

हे मी आपल्या शाखेतील मॅडमना सांगितले. त्या म्हणाल्या की हे कारण संगणकात घालता येत नाही.

६) मॅडम स्वभावाने चांगल्या आहेत. त्यांनी सुचवले की सहअर्जदार आणा, ज्याच्यावर एकही बाकी नाही असा. पतींचा पगार ठेक्याबरोबर बदलतो म्हणून ते चालत नव्हते. मी सासऱ्यांना घेऊन गेले. ते प्लांटच्या कोक ओव्हनमधून निवृत्त झाले आहेत. नियमित पेन्शन आहे, घर त्यांच्या नावावर आहे, आणि सगळी नोकरी त्यांनी कोणाकडून एक रुपया उसना न घेता काढली. सोबतचे लोक सोसायटीचे कर्ज काढून मोटरसायकली घेत होते तेव्हा ते सायकलने ड्यूटीला गेले. या गोष्टीचा त्यांना अभिमान आहे. शाखेत जाताना त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि रिक्षात मला म्हणाले की आता बघ, मशीनच काय ते बोलेल.

मॅडमनी त्यांचा नंबर घातला. मशीनवर आले : नोंद उपलब्ध नाही. ज्याने कधी कर्ज घेतले नाही त्याची पत दिसत नाही, म्हणून त्यांना जामीन धरता येत नाही, असे त्यांनी समजावले. सासऱ्यांनी मला ते पुन्हा वाचायला लावले. मी वाचले. मग ते मॅडमना शांतपणे म्हणाले, "म्हंजे मी नाहीच काय? इतके वर्ष मंग ड्यूटीवर कोण जात होतं?"

मॅडमना मराठी कळत नव्हती. मी भाषांतर केले नाही.

त्यावर उपाय म्हणून मॅडमनी सांगितले की त्यांनी स्वतःच्या नावाने एखादी छोटी वस्तू हप्त्यावर घ्यावी, म्हणजे त्यांची नोंद तयार होईल. सासऱ्यांनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी मी शाळेत निकालपत्रके लिहीत असताना माझ्या मोबाईलवर नंबर आला, पाठोपाठ दुकानातून फोन आला, आणि सवयीने मी तो सांगितला.

संध्याकाळी घरी आले तर ओसरीवर नवा कूलर, त्यावर नारळ. सासरे अंघोळ करून बसले होते. त्यांचे म्हणणे असे की आयुष्यातली पहिली उधारी, आपल्या नावाचा काही अनुभव नाही, सुरुवातीलाच वाईट व्हायला नको. म्हणून त्यांनी तो माझ्या नावाने घेतला. पैसे मात्र पेन्शनमधून स्वतः भरणार आहेत.

अशा प्रकारे त्यांची नोंद तयार करण्यासाठी घेतलेला आठवा कूलर माझ्या नोंदीत आला, आणि माझी पत आणखी खाली गेली. ते अजूनही उपलब्ध नाहीत.

७) यानंतर, माझ्या विचारणेवरून, आपल्या कंपनीकडून संदेश आला की पडताळणी अधिकारी घरी येऊन प्रत्यक्ष पाहणी करतील. मी ही गोष्ट घरात सांगितली ही माझी चूक. सासूबाईंनी विचार केला की साहेबांनी कूलरांचे खरे मालक डोळ्यांनी पाहिले तर प्रश्नच मिटेल. त्यांनी सगळ्यांना आपापला कूलर घेऊन कोहक्याला बोलावले. लोक लगेच आले, कारण त्यांना वाटले सूनबाईवर संकट आहे. टेम्पोतून, हातगाडीवरून, एक तर मोटरसायकलवर उलटा धरून, असे सातही कूलर आमच्या अंगणात आले. मागोमाग सात घरची माणसे.

ठरलेल्या दिवशी साहेब आले नाहीत. उद्या येतो असा फोन आला. आता पारा एवढा चढलेला असताना कूलर इथे ठेवून लोक घरी जाऊन काय करणार? ते थांबले. रात्री सगळे कूलर लावले तेव्हा आमच्या गल्लीची वीज गेली. वीज आल्यावर पाळ्या ठरल्या. दुसऱ्या दिवशीही साहेब आले नाहीत. पाणी भरायला, पोळ्या लाटायला, पोरांना झोपवायला पाळ्या लागल्या. माझी उन्नती आणि तिचे चुलतभाऊ अंगणात एक नवा खेळ खेळू लागले. त्यात एक जण दुकानदार होतो, बाकीचे त्याला नंबर सांगतात, आणि ज्याचा नंबर चुकेल तो उतई. तिचा खेळ पाहून मला हसू यायला हवे होते. मी मोरीत जाऊन तोंड धुतले. सोळा तारीख जवळ येत होती, आणि माझ्या घरात तीसेक माणसे माझ्या भल्यासाठी झोपली होती.

८) श्री. धनंजय तिसऱ्या दिवशी दुपारी आले. त्यांनी दारातून आत पाहिले आणि पुन्हा बाहेर जाऊन घराचा नंबर तपासला. मी त्यांना सगळे क्रमाने सांगितले. सगळ्या मालकांनी आपापल्या कूलरवर हात ठेवून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि अहवालात लिहिले : अर्जदाराच्या घरी प्रत्यक्ष नऊ कूलर आढळले.

नववा म्हणजे सासऱ्यांचा जुना लोखंडी. तो कोणाच्याही नावावर नाही. मी हरकत घेतली असता श्री. धनंजय म्हणाले की ताई, मला जे दिसते तेच लिहायचा हुकूम आहे, कोणाचे आहे ते लिहायला जागा नाही.

एवढ्यात गिरजाबाईंनी आपला बंद कूलर साहेबांपुढे पुरावा म्हणून सरकवला आणि मला म्हणाल्या, "लाव ना वं तूच हात, पायतील साहेब." मला वाद वाढवायचा नव्हता. मी मागची जाळी काढली. पंपाची नळी निसटली होती, ती बसवली. कूलर पाणी खेचू लागला. सासूबाईंनी साहेबांकडे असे पाहिले की आता काय लिहिता ते लिहा. गिरजाबाईंनी कमरेची पिशवी सोडली आणि राहिलेली सगळी किस्त तेथल्या तेथे राहुलच्या हातात दिली. ती त्याच संध्याकाळी भरली असून पावती जोडली आहे. म्हणजे आज रोजी माझ्या नावावर काहीही थकलेले नाही. कृपया याची विशेष दखल घ्यावी, कारण पुढचा मजकूर वाचताना ती गोष्ट मागे पडण्याची शक्यता आहे.

९) श्री. धनंजय पन्हे पिऊन उठले, दारापर्यंत गेले आणि परत आले. चप्पल घालता घालता त्यांनी मला बाजूला बोलावून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असे, विचारले की त्यांच्या घरी फ्रिज घ्यायचा आहे, त्यांचा स्वतःचा स्कोअर जरा असातसाच आहे, तर ताई, तुमच्या नावाने... किस्त ते वेळेवर भरतील.

त्यांच्यावर कोणतीही कारवाई होऊ नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. माणूस सज्जन आहे, आणि नळी बसताना त्यांनी स्वतः पाहिली होती. शिवाय त्यांचा अहवाल अजून त्यांच्याच हातात होता. मला ते दिसत होते. सासूबाई माझ्याकडे पाहत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर होकार तयार होता. आधीचे सगळे कूलर असेच माझ्या तोंडातून गेले होते, कधी हो म्हणून, कधी नुसते गप्प राहून. मी उन्नतीकडे पाहिले. ती दुकानदार झाली होती आणि नंबरची वाट पाहत होती.

मी म्हणाले, "दादा, फ्रिज वहिनींच्या नावाने घ्या. पाय त्यांनाही आहेतच."

सासूबाईंनी उठून देव्हाऱ्यातली माझ्या कार्डाची प्रत काढली, पदराने पुसली आणि माझ्या हातात दिली. ते रागाने की कसे, हे मला अजून कळलेले नाही.

१०) तरी आपणांस विनंती आहे की :

अ) हप्ता भरल्याची पावती पाहून थकबाकीचा शेरा काढावा.

ब) शाखेच्या म्हणण्याप्रमाणे माझ्या नावावर गरजेपेक्षा जास्त नोंदी आहेत आणि माझ्या सासऱ्यांच्या नावावर एकही नाही. ते कधी उधार न घेतल्यामुळे दिसत नाहीत, आणि मी सगळ्यांची उधारी घेतल्यामुळे मीच काय ती दिसते. तरी आम्हां दोघांची सरासरी काढून एक धड अर्जदार धरावा. सासऱ्यांची यास संमती असून त्यांनी खाली सही केली आहे. ते आहेत याचा पुरावा म्हणून ती सही ग्राह्य धरावी.

क) कर्ज नाकारायचेच असल्यास कूलर तरी जप्त करू नयेत. ते आपापल्या घरी परत गेले आहेत आणि लोकांना झोपा लागू लागल्या आहेत.

ड) निर्णय सोळा जूनपूर्वी कळवावा. त्यानंतर आलेल्या होकाराचा मला काही उपयोग नाही.

११) शेवटी एक गोष्ट. मी श्री. धनंजय यांना वरीलप्रमाणे सांगितल्यावर माझे सासरे, जे शाखेतल्या त्या दिवसापासून फारसे बोलत नव्हते, खुर्चीवरून उठले आणि त्यांना म्हणाले, "साहेब, या घरात आल्यापासून इनं आज पयल्यांदा कोणाले नाही म्हटलं. हे लिवून घ्या तुमच्या कागदात. हिच्यावर आता भरवसा ठेवाले हरकत नाही."

श्री. धनंजय यांनी अहवाल वरपासून खालपर्यंत पाहिला. तसा रकाना त्यात नव्हता. म्हणून ती नोंद मी येथे करीत आहे.

आपली नम्र,
आठ कूलरांची कागदोपत्री मालक,

(सौ. समीक्षा राहुल कापगते)

सहअर्जदार म्हणून : दौलतराव कापगते

स्थळ : कोहका, भिलाई
दिनांक : २ जून

सोबत :
१) बी.एस्सी.ची गुणपत्रिका व बी.एड.ला जागा मिळाल्याचे पत्र.
२) शाळेची सूचना.
३) उतईच्या कूलरची थकबाकी भरल्याची पावती.
४) सासऱ्यांच्या पेन्शनचा कागद, निवृत्तीच्या वेळच्या फोटोसह. (फोटोत मागच्या ओळीत, डावीकडून दुसरे, तेच दौलतराव.)
५) पॅनकार्डाची प्रत. कुंकवाचा डाग आहे, नंबर वाचता येतो. ही प्रत काम झाल्यावर मला परत मिळावी, कोणालाही देऊ नये.